येते म्हणालीस

उमर नदाफ हा आमच्या इमारतीतला सगळ्यात निरुपयोगी मुलगा, असं माझं बरीच वर्षं मत होतं. ते अजूनही पुरतं बदललेलं नाही. मुलगा म्हणायचं ते सवयीनं. वय तिशीला टेकलंय. भर मे महिन्यातही अंगात काळा, लांब बाह्यांचा टीशर्ट, डोळे कायम तांबारलेले, आणि चालणं असं की पायाखाली कुणी अंडी मांडून ठेवलीत. त्याचे अब्बा इलाहीबक्ष यांचा टेम्पोंचा धंदा. मार्केट यार्डामागं त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे आणि तिथं फोन घ्यायला उमरला बसवलेलं असतं. एकदा अकलूजला जायचा माल यानं अक्कलकोटला धाडला. कारण काय, तर फोन आला तेव्हा याच्या व्हिडिओ गेममधली पोरगी पहारेकऱ्याच्या पाठीमागून चालली होती आणि याला श्वास सोडता येत नव्हता.

“अरे, श्वास तिनं रोखायचा की तू?” मी विचारलं.

“दोघांनीबी, म्याडम.”

असला माणूस.

मी वरच्या मजल्यावर राहते, नदाफ मंडळी खाली. कॉलेजात मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. घरात बोलले कानडी, पगार घेतला मराठीचा. सोलापुरात याचं कुणाला नवल वाटत नाही. निवृत्त झाल्यापासून लोक माझ्याकडे येतात ते लग्नपत्रिकेतल्या वेलांट्या तपासून घ्यायला. त्यामुळं उमर लॅपटॉप काखेत मारून वर आला तेव्हा मला वाटलं, चला, याचंही जमलं.

“म्याडम, स्टेल्थला मराठीत काय म्हणत्यात?”

“लपतछपत.”

“पुस्तकातला शब्द सांगा की.”

“पुस्तकातला हवा असेल तर पुस्तक वाच.”

तो गेला नाही, खुर्ची ओढून बसला. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा बाबा एका खेळाचं मराठी भाषांतर करतोय. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. पैसे? नाहीत. खेळ कुठल्याशा थंड देशातल्या मूठभर लोकांनी बनवलेला. ‘अंडर द बेल्स’ असं त्याचं नाव. त्यात पडद्याखाली येणारी अक्षरं खेळणाऱ्यांना आपल्या भाषेत घालता येत. उमर खेळताना त्याची आई कमरुन्निसा मागं बसून मेथी निवडायची आणि दर मिनिटाला विचारायची, “अब ये क्या बोलरी? वो क्या बोला?” त्या कटकटीला कंटाळून यानं मराठी घालायला सुरुवात केली. मराठीच का, तर दहावीपर्यंत शाळा मंद्रूपला, मराठी माध्यमाची. उर्दू बोलतो भरभर, लिहितो मुंगीच्या गतीनं.

खेळ मी पाहिला. दोन तास डोकं धरून पाहिला. एक शहर, ते परक्या शिपायांनी घेतलेलं. हाना नावाची मोठी बहीण, योनास नावाचा धाकटा भाऊ. दोघांनी लपतछपत शहराबाहेर पडायचं. मारामारी नाही. चर्चची घंटा वाजत असते तेवढाच वेळ पळायचं, कारण तेव्हा शिपायांना पावलं ऐकू येत नाहीत. घंटा थांबली की भिंतीला चिकटून उभं राहायचं आणि पुढच्या टोलाची वाट पाहायची. माणसं हे विकत घेऊन खेळतात! आमच्याकडं नळाला पाणी येण्याची वाट फुकट पाहता येते.

उमरनं खेळाचं नाव आधी ‘घंटेखाली’ असं केलं होतं. ‘घंटा’ या शब्दाचं आजच्या पोरांनी काय करून ठेवलंय ते मला चांगलं ठाऊक आहे. मुलांच्या वर्गावर उभी राहिलेली बाई आहे मी. “हे नाव काढ,” म्हटलं. मग त्यानं केलं ‘टोलाखाली’. ते इलाहीबक्षनी वाचलं आणि म्हणाले, “टोल? कुटल्या नाक्याचा?” शेवटी नाव इंग्रजीच राहिलं.

शिपायांवरून आमचं भांडण झालं. खेळात शिपाई कान टवकारून ओरडतो, तिथं उमरनं लिहिलं होतं, “कोन हाय रं तितं?” मी लाल पेन घेतलं. कोण आहे तिथे.

“न्हाय, म्याडम. शिपाई हाय त्यो. तुमच्यासारखा बोलला तर प्रोफेसर वाटंल. पोरं पळायची सोडून वही काडतील.”

उद्धट. पण ते मी तसंच राहू दिलं. पुढं आमच्या गल्लीतली पोरं लपंडाव खेळतानासुद्धा “कोन हाय रं तितं” ओरडू लागली, तेव्हा मी खिडकी लावून घेतली.

पहिला भाग संपतो तो एका घंटा ओतणाऱ्याच्या घरी. हाना भावाला तिथं ठेवते आणि एकटीच निघते. दारात ती इंग्रजीत म्हणते, मी आता जाते, योनास. उमरनं लिहिलं, “येते रे, योनास.” आम्ही दोघंही त्या वाक्यावर क्षणभरही थांबलो नाही. थांबण्यासारखं काय होतं? घरातून निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? कुणी चुकून म्हणालंच तर आतून चार बायका ओरडतात, “येते म्हण, येते!” कानडीत ‘बर्तीनि’, पद्मशाली शेजाऱ्यांच्या तेलुगूत ‘पोयि वस्ता’, कमरुन्निसाच्या बोलीत ‘आतूं’. या गावात चार भाषांचे लोक एकमेकांचं एक ऐकत नाहीत, पण उंबऱ्यावर सगळे येतोच म्हणतात.

तर ते भाषांतर उमरनं इंटरनेटवर टाकलं आणि लोकांनी ते घेतलं. बऱ्याच लोकांनी घेतलं असावं, कारण पुढं त्या थंड देशातून त्याला पत्र आलं. खेळाचा दुसरा भाग येतोय, त्यात मराठी अक्षरं आम्हीच घालू, ती तुम्ही करा, शेवटच्या नामावळीत तुमचं नाव येईल. एक अट होती. खेळ बाजारात येण्याआधी काही मराठी खेळाडूंना तो खेळायला देऊ. भाषा त्यांना पटली नाही तर मराठी काढून टाकू.

उमर ते पत्र घेऊन वरखाली नाचत होता. मी म्हटलं, “नावात काय आहे एवढं?” तर म्हणाला, “म्याडम, माजं नाव आजपर्यंत मोट्यानं कुनी घेतलं असंल तर हजेरीत. आन् तवा मी नसायचो.”

इलाहीबक्षना हे सगळं पोरखेळच वाटत होतं. “नाव टेम्पोच्या मागंबी लिवून देतो की तुजं,” ते म्हणाले. आणि मग चेहरा न बदलता त्यांनी बजावलं, “हे झालं तर झालं. न्हाय झालं तर ह्यो डब्बा बंद. सुरतच्या गाडीवर बसायचं, ड्रायवरच्या हाताखाली, किन्नर म्हनून.”

“कबूल,” उमर म्हणाला. मला वाटलं, जाईल बिचारा सुरतेला. तब्येत तरी सुधारेल.

दुसऱ्या भागाची वाक्यं आली ती सुटी सुटी, कशाचा कशाला पत्ता नाही. दारावरचा शिपाई, मध्येच कोंबडी विकणारी बाई, मग योनासचं एखादं वाक्य, मग परत शिपाई. गोष्ट फुटू नये म्हणून हे असंच पाठवतात म्हणे. उमरनं काम मात्र मनापासून केलं. ऑफिसात फोन वाजत राहिले, टेम्पो देवावर सोडले गेले.

मग ती खेळाडू मंडळी खेळली आणि त्यांनी आपापली मतं लिहिली. उमरनं मला ती मोबाइलवर वाचायला दिली. उत्तरपत्रिका मी आयुष्यभर वाचल्या, त्यामुळं माझी सहनशक्ती मोठी आहे, पण यांनी ती संपवली. एकानं लिहिलं होतं, “ग्राफिक्स बाप. स्टोरी स्लो.” दुसऱ्यानं, “स्टोरी बाप. ग्राफिक्स मागच्यासारखेच.” तिसरा म्हणे, “शिपाई आंधळे आहेत, मी समोरून गेलो तरी दिसलो नाही.” चौथा म्हणे, “शिपायांना भिंतीमागचंही दिसतं, गेम फसवतो.” एकाला योनास फार हळू चालतो याचा राग होता: “हिरो आहे की सासरी निघालेली नवरी?” अहो, लपून चाललाय तो! धावायचं असेल तर मैदानावर जा, पोट तरी कमी होईल. कुणी गोष्टीबद्दल चार ओळी लिहाव्यात? नाही. एकानं तर स्वच्छ लिहिलं होतं की बोलणी चालू असताना मी बटण दाबून पुढं जातो. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची तेच न वाचता हा मार्क देणार.

आणि एक मत गुरुराजचं होतं. ते वाचलं आणि उमर खाली बसला.

सात रस्त्याजवळ गुरुराजचं गेमिंग पार्लर आहे. काचेचं दार, आत अंधार, निळे दिवे, तासावर खुर्च्या. शिवाय त्याचं यूट्यूबवर चॅनेल आहे, त्यात तो डोक्याला टोपी उलटी घालून मतं देतो. त्यानं लिहिलं होतं: दुसऱ्या भागात योनास मोठा होऊन बहिणीला शोधत जातो. शेवटी ती त्याला सापडते, शत्रूच्या मनोऱ्यात, शत्रूच्याच घंटा वाजवताना. तेव्हा तो तिला म्हणतो, “परत येते असं तू म्हणालीच नव्हतीस.” पण पहिल्या भागात ती स्पष्ट म्हणाली होती, ‘येते रे, योनास.’ मग म्हणाली होती की नव्हती? सगळ्या गोष्टीचा कळस आणि तिथंच भाषांतर माती खातं. भाषा नापास.

त्याच्याखाली आणखी लोकांनी लिहिलं होतं. “बरोबर, आम्ही पण हसलो.” “रडायच्या ठिकाणी हसू आलं.” आणि मग एक: “भाषांतर करणाऱ्याचं नाव बघा. त्याला काय मराठी कळणार?” त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

उमर म्हणाला, “गेलं, म्याडम. सुरत.”

“रडू नकोस,” मी म्हटलं आणि चपला घातल्या.

पार्लरमध्ये मला बघून दोन पोरांनी हातातलं रिमोट की काय ते खाली ठेवलं आणि उभी राहिली. कॉलेजात मला बघून अशी कधी उभी राहिली नव्हती. गुरुराज पुढं आला. याची आई आमच्या नात्यातली, त्यामुळं हा मला ओळखतो.

“या ना, म्याडम. काय खेळणार?”

“तुझ्याशी खेळायला आलेय. घरातून निघताना आईला काय म्हणतोस रे?”

“आं?”

“सकाळी निघालास. उंबऱ्यावर काय म्हणालास?”

“अव्वा, बर्तीनि,” तो म्हणाला.

“‘होगतीनि’ नाही म्हणालास? जातोयस तर जातो म्हणायचं होतंस.”

“असं कसं म्हणणार! अव्वा मारेल की.”

“मग उमरनं ‘येते’ लिहिलं तर त्याचं मराठी नापास कसं?”

त्यानं उलटी टोपी सुलटी केली. मला वाटलं, जिरली. पण नाही.

“म्याडम, पहिल्या भागातलं ‘येते’ बरोबर आहे. आपण सगळे तेच म्हणतो. पण मग दुसऱ्या भागात ‘म्हणालीच नव्हतीस’ कसं चालेल? ऐकलंय ना आम्ही तिला म्हणताना. इंग्रजीत ती नुसती ‘जाते’ म्हणते, म्हणून तिथं ते बसतं. मराठीत नाही बसत. चूक आहे ती.”

मला फार राग आला, कारण चूक होती. बुद्धी असलेलं पोरगं अंधारात बसून तासावर खुर्च्या भाड्यानं देतंय आणि जी बुद्धी आहे ती दुसऱ्याच्या चुकीवर फोकस मारायला वापरतंय.

“बरं. आणि ते नावाचं?”

“ते मी नाही लिहिलं.”

“पण काढलंही नाहीस. तुला काढता येतं ना?”

“येतं,” तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघत, “पण म्याडम, भांडणं झाली की व्ह्यूज वाढतात.”

“गुरुराज, तुझ्या आजोबांचं मराठी ऐकलंय मी. ‘ती बैल आला’ म्हणायचे. आमच्या घरातही तेच. त्यांना कुणी विचारलं नाही नाव काय म्हणून. काढ ते. माझ्यासमोर काढ.”

त्यानं काढलं. आपलं मत मात्र तसंच ठेवलं. “ते खरं आहे, म्याडम,” म्हणाला. पोरं पुन्हा खेळायला बसली. बाहेरच्या उन्हात येताच मला एक गोष्ट कळली: भांडणात मी जिंकले होते आणि उमरचं काम होतं तिथंच अडलेलं होतं. चूक दुरुस्त केल्याशिवाय मराठी राहणार नव्हतं. आणि दुरुस्त करायचं कसं? पहिल्या भागात ‘जाते’ करावं, तर आपल्याकडं जो माणूस ‘जाते’ म्हणून निघतो तो परत यायचा नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्या भागातलं रहस्य पहिल्याच भागात फुटणार. शिवाय ती ‘येते’ तर हजारो घरांत कधीच म्हणून बसली होती.

मी थेट नदाफांच्या स्वयंपाकघरात गेले. उमर जेवायला बसला होता, म्हणजे ताट पुढं घेऊन भिंतीकडं बघत होता. कमरुन्निसा ओट्याखालच्या बादलीतलं पाणी बाहेर ओतत होती. तिचा नळ कधीपासून गळत होता. मडिवाळप्पा नावाच्या प्लंबरनं येऊन तो उघडला, हातात एक वायसर घेऊन उन्हात धरला, “असला घेऊन येतो” म्हणाला आणि गेला. त्यावर दोन शुक्रवार उलटले होते.

“काय झालं, म्याडम?” उमरनं विचारलं.

“तो बरोबर आहे, गाढव. चूक आहे तिथं.”

“मला म्हाईत हाय. मी तवापास्नं दुसरं वाक्य शोदतोय. ‘परत येते म्हनाली न्हवतीस’ म्हनावं, तर ‘येते’ मंजे परत येतेच की.”

“आणि तो प्लंबर?” मी कमरुन्निसाला विचारलं, कारण पाणी माझ्या पायाखालून वाहत होतं. “मेला की काय?”

“मरता काय कू, बाई!” ती बादली आपटत म्हणाली. “कल चौक में मिला. चाय पी रहा था आराम से. मैं बोली, मडिवाळप्पा, तू येतो बोलके गया था ना? तो दांतां निकाल के क्या बोलता, मावशी, येतो तर सगळेच म्हणतात की! सुनो! सगळेच म्हणतात बोलता मेरे कू!”

मी हसले. नंतर आणखी काहीतरी बोलणार होते त्या प्लंबरबद्दल. पण उमरचा हात ताटावर तसाच राहिला होता. मग तो उठला, बोटाला लागलेलं वरण टीशर्टला पुसलं आणि बाहेर गेला. आईला नाही, मला नाही, कुणाला ‘येतो’सुद्धा म्हणाला नाही. कमरुन्निसा ओरडली, “अरे खाना!” मला वाटलं, चिडला. म्हटलं, या पिढीला विनोदही सोसत नाही.

संध्याकाळी वर आला. नवं वाक्य मला दाखवलं. मनोऱ्यात योनास बहिणीसमोर उभा आहे, आणि म्हणतोय:

“येते म्हणालीस. सगळेच म्हणतात.”

मी लाल पेन उघडलं होतं. ते परत बंद केलं.

इंग्रजीत भाऊ बहिणीला म्हणतो, तू वचनच दिलं नव्हतंस. म्हणजे तिला थोडंसं सोडूनच देतो. मराठीत आता ती सुटत नव्हती. वचन दिलंस, आणि त्याला काही किंमत नव्हती, आणि ते तुलाही ठाऊक होतं, मलाही. पहिल्या भागातलं ‘येते’ जागच्या जागी राहिलं आणि उलट तेच आता टोचू लागलं.

“बरं आहे,” मी म्हटलं. माझ्याकडून एवढंच ऐकून विद्यार्थी पेढे वाटत असत.

पण त्या थंड देशातल्या लोकांनी ते परत पाठवलं. त्यांनी पुण्यातल्या कुणा एका तपासनिसाकडून ते पाहून घेतलं होतं, आणि त्या महाशयांनी शेरा मारला होता, ‘मूळ वाक्याशी विसंगत.’ पुण्यातल्या माणसाला शेरा मारल्याशिवाय चहा जात नाही. मग समोरासमोर बोलायचं ठरलं, कॉम्प्युटरवरून. उमरचं इंग्रजी खेळापुरतं. शिपाई, तलवार, दरवाजा उघड. म्हणून मला शेजारी बसवलं, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. मागं हमालांची आरडाओरड, कांद्याच्या पोत्यांचा वास. पडद्यावर एक तरुण बाई, पिवळे केस, गळ्यात लोकरीचा मफलर. इकडं आमचा पंखा गरम वारा फेकत होता.

तिनं विचारलं, मूळ वाक्य ‘तू म्हणाली नव्हतीस’ असं आहे, तुम्ही ‘म्हणालीस’ कसं केलं? उमर “मॅडम, इन मराठी… इन मराठी…” करत राहिला. मी त्याला बाजूला सारलं. म्हटलं, बाई, आमच्याकडं निघताना ‘मी जाते’ असं कुणी म्हणत नाही. अशुभ असतं. बाजारात जाणारा येतो म्हणतो, नोकरीला परदेशी जाणारा येतो म्हणतो, नवऱ्याशी भांडून माहेरी निघालेली बाईसुद्धा दाणदाण पावलं आपटत येतेच म्हणते.

तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, सगळेच येतो म्हणत असतील, तर खरंच परत येणार कोण हे तुम्हाला कळतं कसं?

“नाही कळत,” मी म्हटलं.

तेवढ्यात इलाहीबक्ष आत डोकावले, किल्ली उचलली, “येतो रे, कुंभारीला जाऊन,” म्हणाले आणि गेले. त्या बाईनं उमरला विचारलं, ते काय म्हणाले? उमरनं सांगितलं. ती हसली. तिनं तिथल्या तिथं सांगितलं, वाक्य ठेवा, मराठी राहील.

उमरनं माझ्या पायाला हात लावला. “ऊठ, हमाल बघतायत,” मी म्हटलं.

खेळ बाजारात आला. पुन्हा मतं आली. “ग्राफिक्स बाप.” “योनास स्लो.” “शिपाई आंधळे.” शंभर जणांत एका राजनंदिनीनं, अकलूजची कुणी नर्स आहे, लिहिलं होतं, “ते वाक्य आलं तेव्हा मी खेळ थांबवून भाऊजींना फोन लावला. घराण्यातलं भांडण होतं, सांगत नाही.” आणि त्याच दमात, “बाकी घंटा फार वेळाने वाजते.” गुरुराजनं चॅनेलवर टोपी उलटी घालून सांगितलं की भाषांतरातली चूक सर्वप्रथम आपण दाखवली, म्हणून एवढं ग्रेट वाक्य मिळालं. एका अर्थी ते खरंही आहे. त्यामुळं तर जास्तच चीड येते.

नामावळी बघायला उमरनं सगळ्यांना रविवारी सकाळी घरी बोलावलं. तिथपर्यंत पोचायला अख्खा खेळ संपवावा लागतो, तो त्यानं संपवून ठेवला होता. शेवटचं दृश्य गेलं, पडदा काळा झाला आणि नावं वर सरकू लागली. संपेचनात. चित्रं काढणारे, आवाज देणारे, घंटा वाजवणारे, जेवण पुरवणारे, कुणाकुणाच्या जन्मलेल्या बाळांची नावं.

“एवडी मानसं?” इलाहीबक्ष म्हणाले. “लगीन हाय का कुनाचं?”

“गप बसा की, अब्बा. भाषावाले आता येत्यात.” उमर पडद्याजवळ सरकला. भाषा सुरू झाल्या. कोरियन. लॅटव्हियन. कमरुन्निसानं पदर सावरला, जणू पडद्यातून कुणी तिच्याकडं बघणार होतं.

आणि दारावर धाडधाड थाप पडली. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. दारात मडिवाळप्पा, हातात पाना आणि कागदात गुंडाळलेला वायसर.

“येतो म्हणलो होतो की, मावशी,” तो म्हणाला.

आम्ही परत पडद्याकडं पाहिलं तेव्हा तिथं स्वीडिश चालू होती.

मला वाटलं, आता उमर त्या प्लंबरला पान्यानंच मारणार. पण तो नुसता “या अल्ला” म्हणाला आणि डोकं धरून हसत सुटला. नावं मागं नेता येत नाहीत. शेवटच्या मनोऱ्यापासून परत खेळायचं, मगच परत दिसतात. इलाहीबक्षनी घड्याळ बघितलं, मग पोराकडं बघितलं आणि मांडी पुन्हा घातली.

“खेळ परत,” ते म्हणाले. “मी हाय बसलेला.”

मडिवाळप्पा ओट्याकडं निघाला होता. कमरुन्निसानं त्याला हाताला धरून मागं आणलं. “बैठ. पहले नाम आने दे. नल बाद में.”

तोही बसला, पाना मांडीवर घेऊन. योनास पुन्हा मनोरा चढू लागला, हळूहळू, भिंत धरून. मडिवाळप्पानं मला कोपरानं ढोसलं. “बाई, ह्यात काय बघायचं असतंय?”

वाक्य कुठून आलं ते त्याला कुणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. कळलं असतं तर त्यानं स्वतःचंही नाव घालायला लावलं असतं, आणि नळ आणखी दोन शुक्रवार गळत राहिला असता.